दोनशे गोष्टींचं एकमत

१

अण्णांना जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच प्राचार्य तासगावकरांनी मला बोलावून घेतलं आणि चहाबरोबर सांगितलं की माझे वडील लबाड होते.

अर्थात तो शब्द त्यांनी वापरला नाही. ते म्हणाले, "शरयूताई, जरा अडचण झाली आहे." सांगलीत कुणाचं घर जळलं तरी लोक आधी 'जरा अडचण' म्हणतात.

१९६६ चा फेब्रुवारी होता. मी साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवते. विश्रामबागेतलं अण्णांचं घर आवरायला रजा काढून आले होते. भेटायला येणाऱ्यांच्या उपदेशानं आधीच जीव मेटाकुटीला आला होता. त्यात हे.

माझे वडील, प्राध्यापक विनायक जोगळेकर, मानसशास्त्र शिकवत. शेवटची चार वर्षं त्यांनी एकाच कामाला वाहिली होती. एक चित्र घ्यायचं: विहिरीच्या काठावर दोर हातात धरून उभा असलेला मुलगा. ते शाळेतल्या मुलांना दाखवायचं आणि म्हणायचं, याची गोष्ट सांग. मुलांनी सांगितलेल्या अशा दोनशे गोष्टी त्यांच्याकडे होत्या. प्रत्येक गोष्ट वाचून एक खूण करायची. मुलाचं काम स्वतःच्या प्रयत्नानं झालं तर क, दुसऱ्याच्या मदतीनं झालं तर ख, दैवानं झालं तर ग, आणि झालंच नाही तर घ. याला ते आशय-विश्लेषण म्हणत. मी म्हणत असे, गोष्ट अशी चार खणांत बसत नाही. ते म्हणत, बसवून तर बघ.

एकट्यानं खुणा केल्या तर तो त्या माणसाचा लहरीपणा ठरतो. म्हणून दुसऱ्या माणसानं त्याच गोष्टी स्वतंत्रपणे वाचून खुणा करायच्या. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचा तक्ता बघायचा नाही. हे दुसरे मोजणारे होते अण्णांच्याच विभागातले प्राध्यापक हिंदुराव सूर्यवंशी. पुस्तकावर दोघांची नावं यायची होती.

"दोन्ही तक्ते तुमच्या वडिलांच्या कपाटात मिळाले," प्राचार्य म्हणाले. "प्रकाशन समितीनं ओळीला ओळ लावून पाहिले. दोनशेपैकी दोनशे जुळले."

"मग बरंच झालं की."

"ताई, दोन माणसांचं दोनशे वेळा पटत नाही. माझ्या घरी दोनदा पटत नाही. एकानं दुसऱ्याचं उतरवलंय, हे शेंबडं पोरही सांगेल."

"मग सूर्यवंशींनी उतरवलं असेल."

"ते म्हणतात, मी माझ्या खुणा करून तक्ता सरांच्या हातात दिला. पुढं सरांनी आपला तक्ता त्यावरून जुळवला असला, तर गेलेल्या माणसाबद्दल मी काय बोलू?" प्राचार्यांनी बशी पुसली. "आणखी एक. त्यांना वाचायला दिलेला गोष्टींचा गठ्ठा ते म्हणतात परत केला. तो तुमच्या वडिलांकडं नाही. समितीचं मत असं, की तो नाहीसा केला गेला."

"कुणी?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "शनिवारी बैठक आहे. पुस्तक रद्द होईल. आणि रद्द का केलं, ते विद्यापीठाला लिहून कळवावं लागेल."

२

मी घर पालथं घातलं. अण्णांचा स्वतःचा गठ्ठा कपाटात होता, वरच्या कोपऱ्यात शाईनं क्रमांक घातलेला, सुतळीनं बांधलेला. पहिलीच गोष्ट वाचली. मुलाची बादली विहिरीत पडते, तो दोराला गळ बांधतो, दिवसभर खटपट करून बादली काढतो. पुढच्या दोन वाचल्या. दुसरा गठ्ठा मात्र कुठेही नव्हता.

स्वयंपाकाच्या हरणाबाई दारात उभ्या राहून माझी शोधाशोध बघत होत्या.

"काय हरवलंय शरूताई?"

"कागद. कुणी रद्दीत घातले का?"

"आवं, सायबांचा कागूद म्हंजे देव. त्यो पायाखाली आला तर सायेब आधी कागदाच्या पाया पडायचं. मी कशाला हात लावू?"

"इथे कोण कोण येत होतं?"

"लय जण. पर सायेब मिरजंला दवाखान्यात हुते तवा दोघंच आली. सूर्यवंशी सर आलं, म्हणालं सायबांनी बसाय सांगितलंय. बसलं टेबलाशी. दोनदा च्या झाला त्यांचा. मी म्हटलं, सायेब न्हाईत तर ह्यो मानूस कुणाशी बोलतोय बसून? तर बोलत न्हवतं. लिवत हुतं."

"काय लिहीत होते?"

"मला काय कळतंय? पर मान अशी." त्यांनी मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवून दाखवली. भजनात नवखा टाळकरी शेजाऱ्याकडे बघत टाळ वाजवतो, तशी.

मला धीर आला. फार टिकला नाही.

"आन् दुसऱ्या दिशी ती अंजना आली," हरणाबाई म्हणाल्या. "कपाट उघडलं, बंद केलं, आन् किल्ली घिऊन गेली. सायेब घरी येईस्तोवर किल्ली तिच्यापाशीच हुती."

अंजना बनसोडे अण्णांची मदतनीस. गावोगाव फिरून गोष्टी तिनंच गोळा केल्या होत्या. अण्णा गेल्याबरोबर कॉलेजनं तिला कमी केलं होतं. मी प्राचार्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "सूर्यवंशींचाही रोख तिच्यावरच आहे. म्हणतात, सरांच्या सांगण्यावरून त्या मुलीनंच सगळं रचलं असेल."

"तिला विचारलंत का तुम्ही?"

"तिला काय विचारायचं? ती आता आपल्याकडे नाही."

कपाटाची किल्ली जिच्याकडे होती, तिला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं. मी फोन ठेवला. आपटला, असं प्राचार्य नंतर म्हणाले.

३

दुसऱ्या दिवशी एस. टी.नं कडेगावला गेले. अंजना तिथल्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून लागली होती. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली. ताठ चालीची, पंचविशीची मुलगी.

"ताई, तुम्ही मला विचारायला आलात, का सांगायला?"

"विचारायला."

"मग बसा. सर गेल्यापासून विचारायला आलेलं पहिलं माणूस तुम्ही."

किल्लीचं विचारलं. तिनं सरळ सांगितलं. अण्णांना अचानक मिरजेला हलवलं, तेव्हा त्यांचा पुरा झालेला तक्ता टेबलावर उघडाच राहिला. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, तिनं तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. "दुसऱ्या मोजणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. सरांचा तसा दंडक होता."

"एक दिवस उशीर झाला," मी म्हणाले आणि समितीचं गाऱ्हाणं तिच्या कानांवर घातलं.

ती ऐकत होती. मध्येच तिनं हात वर केला. "थांबा. त्यांनी ओळीला ओळ लावली? सरांची पहिली ओळ आणि सूर्यवंशी सरांची पहिली ओळ?"

"हो. दोनशेच्या दोनशे जुळल्या."

"मग काय जुळवलं त्यांनी, कपाळ?" ती हसायला लागली, आणि एकाएकी तिचे डोळे भरून आले. "ताई, दोन्ही गठ्ठ्यांत गोष्टी त्याच. पण क्रम निराळा!"

"म्हणजे?" मी विचारलं.

"सर म्हणायचे, वाचणारा माणूस दमतो. दैवाच्या दहा गोष्टी ओळीनं वाचल्या, की अकरावीही त्याला दैवाचीच वाटते. दोघांचा क्रम एकच असला, तर दोघं एकाच जागी दमतात, एकाच जागी चुकतात, आणि ती चूक एकमत म्हणून खपून जाते. म्हणून मी प्रत्येक गोष्टीच्या दोन नकला केल्या आणि दोन्ही गठ्ठे वेगवेगळे पिसले. पत्ते पिसतात तसे. मग क्रमांक घातले. सरांची पहिली गोष्ट ती सूर्यवंशी सरांची पहिली नव्हेच. कुठंतरी साठावी असेल, नाहीतर दीडशेवी. जुळवताना गोष्टीला गोष्ट लावायची."

"हे सूर्यवंशींना ठाऊक होतं?"

"मोजणाऱ्याला सांगायचं नसतं. फक्त सरांना आणि मला ठाऊक."

शाळेची घंटा झाली. मला मात्र अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच स्वच्छ दिसायला लागलं होतं.

"पण ताई," अंजना उठता उठता म्हणाली, "हे माझ्या तोंडचं झालं. माझ्या तोंडाला त्या समितीत किती किंमत, ते तुम्ही बघितलंच. तो दुसरा गठ्ठा पाहिजे. तो जाळला असेल, तर झालं." तिनं फाटकापलीकडे, उसाच्या फडांकडे बोट दाखवलं. "सूर्यवंशींची वस्ती तिकडं आहे. मी येत नाही. त्यांच्या दारात मी दिसले, की आधी सगळं कुलपात जाईल."

४

वस्तीवर हिंदुराव नव्हते. गळिताचा हंगाम होता, ते फडात गेले होते. त्यांची आई येसूबाई सोप्यात बसल्या होत्या. मी जोगळेकर सरांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी मला खाली बसवून घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि सुनेला हाक मारली, "मनू, भाकरी टाक."

"आजी, मी जेवून आले आहे."

"कवा?"

"सकाळी."

"सकाळचं जेवान सकाळी जिरलं. गप बस."

पिठलं-भाकरी संपेपर्यंत कामाचं बोलूच दिलं नाही. शनिवार दोन दिवसांवर आला होता आणि ही म्हातारी मला ठेचा वाढत होती. शेवटी मी म्हणाले, "आजी, हिंदुरावांनी दिवाळीच्या सुमारास कागदांचा गठ्ठा आणला होता का? पोरांच्या गोष्टींचा?"

"व्हय की! हितंच टाकला त्यानं. म्हणला, आये, मला येळ न्हाई, पडू दे कोपऱ्यात. मी म्हटलं, पडू दे कशाला? ही मनू सातवी शिकल्याली. रोज दुपारी वाचती एक-एक." त्या पुढे सरकल्या. "पयलीच गोष्ट लय ग्वाड. पोरगं हिरीवर उभं ऱ्हातंय, आजी हाक मारती, त्यो दोर टाकून घरी येतो, गुळाची पोळी खातो आन् झोपतो. शाना पोरगा! हिरीवर काय ठेवलंय?"

अण्णांच्या गठ्ठ्यातली पहिली गोष्ट बादली आणि गळाची होती.

"आजी, तो गठ्ठा मला द्याल?"

"आन् ऱ्हायलेल्या गोष्टी? निम्म्या बी झाल्या न्हाईत."

"मी परत आणून देईन. शब्द देते."

त्या विचारात पडल्या. मला पुढे बोलणं जड गेलं, पण न बोलता नेणं ही चोरी झाली असती. "तो नेला, तर हिंदुरावांना त्रास होईल."

येसूबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "लबाडी केली व्हय त्यानं?"

मी रिकामं ताट बाजूला सारलं.

"ल्हानपणापास्नं डोळा दुसऱ्याच्या पाटीवर त्येचा," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी कान पिळून पिळून लांब केला, तरी पाटीवरचा डोळा काय हलला न्हाई. मनू, आन गं त्यो गठ्ठा."

मनूबाईंनी तो आणून माझ्या मांडीवर ठेवला. तोच बाहेर मोटरसायकल थांबली आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले हिंदुराव दारात उभे राहिले. त्यांची नजर आधी गठ्ठ्यावर गेली, मग माझ्यावर.

"शरयूताई, ते इकडं द्या," ते शांतपणे म्हणाले.

५

मी उठले नाही. बोलल्या त्या येसूबाई.

"मी दिलंय ते. माझ्या घरातलं द्यायला तुझी परवानगी लागती व्हय रं?"

"आये, तुला काय कळत न्हाई त्यातलं."

"गोष्टी कळत्यात मला. तुलाच वाचायला येळ न्हवता."

त्या एका वाक्यानं निकाल लागला, पण समितीसाठी तो शनिवारी लावावा लागला. प्राचार्यांच्या खोलीत समितीचे सभासद, मी, हिंदुराव आणि अंजना. अंजनाला आत बोलवावं लागेल, या अटीवरच मी गठ्ठा आणला होता.

हिंदुराव तयारीनं आले होते. "गठ्ठा माझ्याकडं राहिला, हे विसरलो. चूक माझी. पण खुणा मी वाचूनच केल्यात."

"बरं," प्राचार्य म्हणाले. त्यांनी दोन्ही गठ्ठे सोडले, दोन्ही तक्ते समोर घेतले. अंजनानं मला खिडकीशी, पाठ करून बसवलं. "ताईंनी तक्ते बघायचे नाहीत," एवढंच म्हणाली. तेव्हा मला ते उगाच वाटलं.

"पहिली ओळ," प्राचार्य म्हणाले. "दोघांचीही खूण क. म्हणजे मुलानं स्वतःच्या प्रयत्नानं काम केलं. जोगळेकरांची गोष्ट: गळ बांधून बादली काढली. ठीक. सूर्यवंशी, तुमची गोष्ट: मुलगा घरी जातो, गुळाची पोळी खातो, झोपतो." ते थांबले. "यात प्रयत्न कुठला? पोळी खाण्याचा?"

"लहान मुलांच्या मनात खोल अर्थ असतो, सर."

"दुसरी ओळ. दोघांची ख. दुसऱ्याची मदत. जोगळेकरांची गोष्ट: पलटणीतून रजेवर आलेला मामा पाणी काढून देतो. तुमची: देवाला नारळ बोलला आणि कोरड्या विहिरीला पाणी आलं."

"देवाची मदत ती मदतच की."

"तिसरी. घ. काहीच साधलं नाही. जोगळेकरांची: दोर तुटतो. तुमची: मुलगा पोहायला शिकतो आणि जत्रेत बक्षीस मिळवतो!" प्राचार्यांचा आवाज चढला. "सूर्यवंशी, बक्षीस मिळालं आणि काहीच साधलं नाही?"

"गठ्ठा नंतर कुणीतरी पिसला असेल," हिंदुरावांनी अंजनाकडे पाहिलं.

"कसा पिसतील?" मी पाठमोरीच म्हणाले. "प्रत्येक कागदावर शाईचा क्रमांक आहे, आणि गठ्ठा दिवाळीपासून तुमच्या घरी आहे. तुमच्या आईला पहिली गोष्ट तोंडपाठ आहे. आता हे बघा सर. अण्णांच्या खुणा त्यांच्या गोष्टींना लागू पडतात. यांच्या खुणा यांच्या गोष्टींना लागू पडत नाहीत. म्हणजे उतरवलं यांनी. आणि दुसरी गोष्ट. क्रम निराळा आहे हे अण्णांना ठाऊक होतं, अंजनाला ठाऊक होतं. या दोघांपैकी कुणी खोटा तक्ता रचला असता, तर ओळीला ओळ जुळवण्याचा मूर्खपणा केला नसता. तो फक्त ज्याला ठाऊक नव्हतं, त्याच्याच हातून होणार. अण्णा मिरजेला असताना तक्ता टेबलावर उघडा होता. हरणाबाईंनी या गृहस्थांना त्याच टेबलाशी दोनदा चहा दिला."

हिंदुराव खुर्चीत खचले.

"ऊस फडात वाळत होता. कारखान्याची निवडणूक अंगावर. सर म्हणाले, नाताळच्या आत पाहिजे. दोनशे गोष्टी कवा वाचणार माणूस?"

"अहो, पण मग निदान वीस-पंचवीस तरी चुकवायच्या!" प्राचार्य ओरडले. मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त राग याचाच आला होता.

हिंदुरावांनी मान वर केली. ते खरोखरच चकित झाले होते. "सरांच्या विरुद्ध खूण करू? सर, त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली. त्यांनी क म्हटल्यावर मी ग कसं म्हणू? मला वाटलं, सगळं जुळलं की सरांना बरं वाटेल."

स्वतंत्रपणे असहमत होण्यासाठी अण्णांनी या माणसाला नेमलं होतं, आणि त्यानं गुरूला नमस्कार घालावा तसा तक्ता भरला होता. पुढे तोच नमस्कार अण्णांच्याच अंगावर ढकलायला त्याला काही वाटलं नाही, हे वेगळं.

६

अण्णांच्या नावावरचा डाग गेला. पण पुस्तक अडलंच. प्राचार्य म्हणाले, "आता दुसरा मोजणाराच उरला नाही. एकट्याच्या खुणा छापता येत नाहीत."

"अंजना करेल."

"मी नाही करू शकत," अंजना म्हणाली. "कुठली गोष्ट कुठल्या मुलानं सांगितली, मला ठाऊक आहे. सरांचा तक्ताही पाहिलाय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही पाहिला नाही."

तेव्हा कळलं, मला खिडकीशी का बसवलं होतं ते. प्राचार्यांनी मोठ्यानं वाचलेल्या सहाही गोष्टी तिनं वगळायला लावल्या, आणि अण्णांच्या गठ्ठ्यातल्या मी आधी चाळलेल्या गोष्टीही त्यांतच आहेत ना, याची खात्री करून घेतली. मग येसूबाईंचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

मी साताऱ्याला नेऊन तो वाचला. आधी वैतागत. चार खण आणि दोनशे मुलं! मग हळूहळू लक्षात आलं, की खूण करायची म्हणून मी प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत वाचत होते, दोन-दोनदा वाचत होते. कवितासुद्धा मी इतक्या सावधपणे कधी वाचली नव्हती. पुढे सगळं जुळवून झाल्यावर शब्द दिल्याप्रमाणे गठ्ठा येसूबाईंकडे पोचवला. त्या दिवशीही जेवावं लागलं.

मार्चमध्ये अंजनानं तक्ते जुळवले, गोष्टीला गोष्ट लावून. दर सहांतल्या पाच ठिकाणी माझं आणि अण्णांचं पटलं होतं.

"झकास हाय," ती म्हणाली. खूश झाली की तिच्या बोलण्यात गाव येतं. "आता कोण खोटं म्हणतंय बघू. ऱ्हायलं ते न जुळलेल्यांचं."

"त्यांचं काय करायचं असतं?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "दोघा मोजणाऱ्यांनी समोरासमोर बसायचं. आपापलं म्हणणं मांडायचं. बोलून एक खूण ठरवायची."

तिनं न जुळलेल्या गोष्टी माझ्यापुढे ठेवल्या. वरचीच गोष्ट अशी होती: मुलगा दोर घेऊन विहिरीवर येतो. पण दोर सोडत नाही. तो सकाळपासून उभा राहतो. संध्याकाळी एक बाई येते, पाणी काढते आणि वरून, लांबूनच, त्याच्या घागरीत ओतते. तो घरी जातो. संपलं.

अण्णांची खूण होती ख, दुसऱ्याच्या मदतीनं. माझी होती घ.

माझं सगळं म्हणणं तयार होतं. हातात दोर असलेल्या मुलाला ही मदत कशी? अण्णा म्हणाले असते, पाणी मिळालं की नाही? गोष्टीत आहे तेवढंच मोज, तुझं घालू नकोस. मी म्हणाले असते, तो दिवसभर का उभा आहे, ते गोष्टीतच आहे, तुम्हाला दिसत नाही. ते चष्मा काढून पुसत बसले असते.

"तुम्हाला काय वाटतं?" मी अंजनाला विचारलं.

"मी जुळवणारी. मला मत नाही." कागद सरळ करता करता ती म्हणाली, "कुणाची गोष्ट आहे ते ठाऊक आहे, म्हणून तर नाहीच."

प्राचार्य घाईला आले होते. छापखान्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता. "ताई, कुठलीही एक खूण घाला आणि मोकळ्या व्हा. सरांचीच घाला. कोण बघतंय?"

मी दोघांच्याही खुणा शेजारी शेजारी तशाच ठेवल्या आणि खाली तळटीप लिहून दिली:

'वरील गोष्टींवर दोन मोजणाऱ्यांची चर्चा होऊ शकली नाही. मतभेद कायम आहेत.'